जावाच्या उद्योग-मंचावरील वेब-सेवा : एका विलंबाचा विचार

संगणकाच्या आज्ञावलींची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातील नव्या सोयींची यादी पुढे येते, आणि तिचा इतिहासही बहुधा त्या यादीवरूनच लिहिला जातो. ही पद्धती कितपत पुरेशी आहे, याचा विचार ‘जे-टू-ई-ई १.४’ या आवृत्तीच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये हा मंच प्रथम सिद्ध केला. व्यवहारांची अखंडता, सुरक्षितता, डेटाबेसशी संबंध ही कामे मंचाने सांभाळावी व प्रोग्रॅमरने व्यवसायाचे नियम तेवढे लिहावे, अशी त्यामागील कल्पना होती. विनिर्देश एकच असला तरी त्याबरहुकूम मंच बांधणाऱ्या कंपन्या अनेक होत्या. आयबीएम, बीईए व ओरॅकल या त्यांपैकी प्रमुख होत. तथापि जावाबाहेरील जगाशी, विशेषतः मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटशी, संवाद कसा साधावयाचा हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याचे उत्तर वेब-सेवांच्या रूपाने पुढे आले. एक्सएमएल ही लेखनपद्धती १९९८ मध्ये मान्य झाली होती. तिच्यावर आधारलेली ‘सोप १.१’ ही संदेशपद्धती मे २००० मध्ये, आणि सेवेचे वर्णन करणारी ‘डब्ल्यूएसडीएल १.१’ मार्च २००१ मध्ये, वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियमने टिपण म्हणून प्रसिद्ध केली. टिपण म्हणजे संमत मानक नव्हे. शिवाय एकच संदेश अनेक प्रकारांनी मांडण्याची मुभा त्यांत होती. परिणामी, दोन कंपन्यांची उत्पादने नियमानुसार असूनही एकमेकांचे म्हणणे समजू शकत नसत.

ही अडचण दूर करण्यासाठी फेब्रुवारी २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट प्रभृती प्रतिस्पर्ध्यांनीच ‘डब्ल्यूएस-आय’ ही संघटना स्थापन केली. तिची मूलभूत नियमावली ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. या नियमावलीने नवे असे फारसे दिले नाही. मुख्यतः तिने मुभा काढून घेतली. सोपमधील विशिष्ट सांकेतिक मांडणी तिने निषिद्ध ठरविली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, जे-टू-ई-ई १.४ चे प्रकाशन या नियमावलीशी मेळ घालण्यासाठी लांबविण्यात आले व ते नोव्हेंबर २००३ मध्ये पार पडले. ‘जॅक्स-आरपीसी १.१’ ही तिच्यातील गाजलेली सोय खरी. परंतु त्या सोयीस अर्थ आला तो या संयमामुळे.

या व्यवस्थेची किंमत मात्र प्रोग्रॅमरला मोजावी लागली. एक लहानशी सेवा उभी करावयाची तरी सेवेचे वर्णन, जावाशी जुळणी सांगणारी फाईल व मांडणीची फाईल असे जोडलेख सांभाळावे लागत. मे २००६ मधील ‘जावा ईई ५’ ने ‘जॅक्स-डब्ल्यूएस २.०’ आणून हा भार पुष्कळसा हलका केला. वर्गाच्या माथ्यावर एक खूण लिहिली की सेवा तयार होऊ लागली. डिसेंबर २००९ च्या ‘जावा ईई ६’ मध्ये ‘जॅक्स-आरएस’ चा समावेश झाला. रॉय फील्डिंग यांनी २००० च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या विचारास अनुसरून साध्या एचटीटीपीवरच सेवा देण्याचा मार्ग तिने मोकळा केला.

पुढे उतरणीचा काळ आला. २०१३ च्या ‘जावा ईई ७’ मध्ये जॅक्स-आरपीसी ऐच्छिक ठरली. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘जावा ११’ मधून जॅक्स-डब्ल्यूएस वगळण्यात आली, आणि डिसेंबर २०२० च्या ‘जकार्ता ईई ९’ मध्ये सोपवर आधारलेली अंगे ऐच्छिक झाली. एवढ्यावरून २००३ मधील विलंब व्यर्थ गेला असे कोणी म्हणेल. पण हे मत ग्राह्य धरता येत नाही. मानक मागे पडले तरी त्याच्या आधारे सुरू झालेला व्यवहार त्याच दिवशी थांबत नाही. ज्यांनी आपल्या यंत्रणा त्यावर उभारल्या, त्यांना वगळलेली अंगे स्वतंत्र लायब्ररीच्या रूपाने जोडून त्या चालू ठेवता आल्या. उलट, परक्याच्या यंत्रालाही कळेल अशा एकाच रीतीने बोलावे, हे तत्त्व सोप मागे पडल्यावरही टिकून राहिले.

सारांश, नव्या सोयींच्या यादीत काय दिले याची नोंद असते. काय सोडून दिले याची नसते. या मंचाच्या इतिहासकाराने ही दुसरी नोंद शोधणे अधिक अगत्याचे आहे.