छाटलेल्या नोंदींतला माणूस

रॅल्फ जोसलिनची रोजनिशी पहिल्यांदा छापली गेली ती 1908 मध्ये, कॅम्डेन ग्रंथमालेत, आणि तीही अर्धीमुर्धी. संपादक हॉक्लिफ यांना इंग्लंडच्या यादवीचा साक्षीदार हवा होता. मुलांची दुखणी, बायकोची बाळंतपणं, पाऊसपाणी, असला मजकूर त्यांनी बराचसा गाळला. संपूर्ण रोजनिशी वाचकांच्या हाती यायला 1976 उजाडलं. ते काम केलं ॲलन मॅकफार्लेन यांनी. शिलाँगला जन्मलेले, नेपाळात गुरुंग लोकांमध्ये राहून आलेले हे मानववंशशास्त्रज्ञ. कोणाच्या घरी कोण आजारी आहे याला ते किरकोळ म्हणणं शक्यच नव्हतं.

जोसलिन हा इसेक्स परगण्यातल्या अर्ल्स कोन या लहान गावचा धर्मगुरू. 1641 पासून 1683 मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. केंब्रिजला शिकलेला, पण पिंड शेतकऱ्याचा. चर्चच्या उत्पन्नात भागेना तेव्हा त्यानं जमिनी घेतल्या आणि कसल्या. मॅकफार्लेन यांनी एकट्या रोजनिशीवर भिस्त ठेवली नाही. चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या, जमीनदारी कोर्टाची दप्तरं आणि मृत्युपत्रं तिच्याशेजारी ठेवून त्यांनी हा संसार उभा केला.

गावासाठी त्यानं काय केलं? रविवारची प्रवचनं, आजाऱ्यांच्या भेटी, मयतं. 1650 नंतर काही वर्षं तो गावच्या शाळेत मुलांना शिकवत होता. 1648 च्या उन्हाळ्यात कोल्चेस्टरकडे निघालेल्या राजपक्षाच्या फौजेनं त्याचं घर लुटलं, तरी त्यानं गाव कायमचं सोडलं नाही. 1665–66 मध्ये त्याच कोल्चेस्टरमध्ये प्लेगनं हजारो माणसं नेली. ते शहर जेमतेम दहा मैलांवर, आणि हा आठवड्यामागून आठवडा मृतांचे आकडे टिपत बसला आहे. सगळ्या चर्चना एकाच उपासनापद्धतीत बांधणाऱ्या 1662 च्या कायद्यानंतर त्याच्यासारख्या प्युरिटन मताच्या शेकडो धर्मगुरूंच्या जागा गेल्या. नव्या नियमांना पुरता न वाकताही त्याची जागा टिकली. जमीनदार हार्लाकेंडन घराण्याशी असलेली मैत्री इथे कामी आली असावी. पण हा तर्क आहे.

मात्र हा सगळ्या गावाचा लाडका होता असं कोणी लिहिलं तर ते कागदांना धरून होणार नाही. नऊएक वर्षं त्यानं गावात प्रभुभोजनाचा विधीच केला नाही. 1651 मध्ये तो पुन्हा सुरू केला तेव्हा पंगतीला होती निवडक तीस-पस्तीस माणसं. बाकीचं गाव त्याच्या लेखी तेवढं पात्र नव्हतं. सेवा होती, तसा निवाडाही होता.

घरात तो वेगळा दिसतो. 1640 मध्ये जेन कॉन्स्टेबलशी त्याचं लग्न झालं. दहा मुलं झाली, शिवाय गर्भपात. जेननं मुलांना स्वतः अंगावर पाजलं. कोणतं मूल अंगावरून कधी तोडलं, कोणाला ताप आला, कोण पडता पडता वाचलं, हे सगळं तो लिहितो, आणि प्रत्येक गोष्टीत देवाचा हात शोधतो. नाकाला मधमाशी चावली आणि मध लावल्यावर सूज आली नाही, ही देवाची कृपा. 1648 मध्ये दहा दिवसांचं बाळ गेलं, तेव्हा मात्र दोष स्वतःकडे: आपण अवेळी बुद्धिबळ खेळत बसलो म्हणून ही शिक्षा. आज हसू येईल, पण बापाच्या अपराधीपणाचा इतका उघडा पुरावा त्या काळातला क्वचितच हाती लागतो.

1650 च्या मे-जूनमध्ये आठ वर्षांची मेरी गेली, आणि तिच्यामागोमाग तिचा तान्हा भाऊही. मेरीबद्दल तो भरभरून लिहितो, पुढेही तिची आठवण काढतो; तान्ह्याबद्दल थोडकंच. लॉरेन्स स्टोन यांच्या 1977 च्या ग्रंथाचा सूर असा, की मुलं पटापट मरत त्या काळात आईबाप त्यांच्यात जीव गुंतवत नसत. मॅकफार्लेन यांना ते मान्य नव्हतं, आणि मला मॅकफार्लेन पटतात. तान्ह्यापुरतं स्टोन यांचं म्हणणं ऐकून घेता येईल, मेरीपुढे ते टिकत नाही. कमी ओळी म्हणजे कमी दुःख, असा हिशेब मांडायला तर कोणताच कागद आधार देत नाही. 1673 च्या उन्हाळ्यात तिशीला टेकलेला थॉमस आणि एकोणीस वर्षांची ॲन, दोघंही दोन महिन्यांच्या आत गेली. थॉमस हा लंडनला उमेदवारीला पाठवलेला थोरला मुलगा.

मुलग्यांत आता उरला जॉन. दारू पिणारा, बापाचं न ऐकणारा. एका नोंदीत जोसलिन लिहितो, हा आता माझा मुलगा नाही. घराबाहेर नीट चाकरी करून राहिला तर वर्षाला दहा पौंड देईन, आणि सुधारला तर पुन्हा आपला म्हणेन. एवढीच नोंद मागे राहिली असती, तर आपण त्याला कठोर बाप ठरवून मोकळे झालो असतो. पण तो जॉनवर चिडतो, समज देतो, पुन्हा अट घालतो, वर्षानुवर्षं. जॉननं घरात न सांगता लग्न केलं, त्यानंतरही ही धमकी खरी झाली नाही. 1683 च्या ऑगस्टमध्ये जोसलिन वारला तेव्हा मागे जेन होती आणि पाच मुलं. जमिनीचा वारसा जॉनकडेच गेला.