वायपरची मोटर आणि अब्राहम लिंकन

एप्रिल १९६४. न्यूयॉर्कचा वर्ल्ड्स फेअर, म्हणजे जगभरातल्या कंपन्यांची आणि देशांची मोठी जत्रा. तिथल्या इलिनॉय राज्याच्या मंडपात वॉल्ट डिस्ने पाहुण्यांसमोर उभा होता आणि पडद्यामागे खुर्चीत अब्राहम लिंकन बसलेला होता. हा लिंकन धातूच्या सांगाड्याचा. आत तेलाच्या आणि हवेच्या नळ्या, वर प्लास्टिकची कातडी. त्यानं खुर्चीतून उठायचं आणि भाषण करायचं, एवढंच काम. पण तो नीट उठेना. मध्येच झटके द्यायला लागला. शेवटी डिस्नेला पाहुण्यांना सांगावं लागलं की आज खेळ होणार नाही. जत्रा सुरू झाल्यावर काही दिवसांनी लिंकन एकदाचा नीट उभा राहिला. बिघाडाचं खापर विजेच्या चढउतारांवर फोडलं गेलं.

व्होल्टेज! हे वाचलं आणि मला लगेच आमचं पिंपळनेर आठवलं. साक्री तालुका, जिल्हा धुळे. २००५ नंतरची ती वर्षं, जेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ असायचं. तेव्हा गणपतीत आमच्याकडे हलणारी आरास असायची. पुण्यात तिला देखावा म्हणतात, मुंबईकडे चलचित्र. अफजलखान मिठी मारायला पुढे यायचा, महाराजांचा हात वर जायचा, मागे लाल दिवा लागायचा. आम्ही पोरं आधीच ओरडायचो, ‘देख, आते हात उचली!’ आणि नेमकी लाईट जायची. खान अर्ध्या मिठीत थांबलेला, आणि कॅसेटमधला आवाज जाड होत होत बंद.

मी आज सॉफ्टवेअर लिहितो. लिंकनच्या खेळाबद्दल इंटरनेटवर शोधायला गेलं तर इतकी माहिती मिळते की वाचून संपत नाही. आमच्या अफजलखानाबद्दल शोधायला गेलं तर काहीच मिळत नाही. दोघांच्या पोटातलं यंत्र मात्र बरंच सारखं होतं.

मागे हात आहे की नाही?

आधी एक फरक समजून घेऊ. अर्धवटराव तुम्हाला माहीत असेल. य. के. पाध्ये यांचा हा बोलका बाहुला पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या मांडीवर आला. १९९३ च्या ‘झपाटलेला’ मधला तात्या विंचूही पाध्यांचाच. हे बाहुले जिवंत वाटतात, कारण त्यांच्यामागे एक जिवंत माणूस असतो. प्रेक्षक हसले की तो थांबतो, एखादा आगाऊ बोलला की त्याला उत्तर देतो.

देखाव्यातल्या खानामागे असं कोणी नसतं. त्यानं काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि ते यंत्रात बसवलेलं असतं. समोर हजार माणसं असोत की एक कुत्रं, हात तेवढाच वर जाणार. इंग्रजीतून आलेला ‘ॲनिमेट्रॉनिक्स’ हा शब्द अशाच बाहुल्यांसाठी वापरतात. आमच्या क्षेत्रात याला प्रोग्राम म्हणतात.

देखाव्यातला प्रोग्राम डोळ्यांना दिसतो आणि हातात धरता येतो. एक गोल चकती घ्या. तिच्या मध्यावर नाही, तर कडेला एक खिळा ठोका. खिळ्याला पट्टी जोडा आणि पट्टीचं दुसरं टोक बाहुल्याच्या कोपराला. चकती गोल फिरते, पण कोपर वर-खाली होतो. खिळा मध्यापासून जितका लांब, तितका हात जास्त उचलला जातो. चकती पूर्ण गोल न ठेवता तिला कुठे फुगवटा, कुठे खाच दिली, तर हात हळू वर जाऊन झटकन खाली येतो. या आकार दिलेल्या चकतीला मेकॅनिकलवाले ‘कॅम’ म्हणतात. चकतीचा आकार हीच बाहुल्याची आठवण.

आणि फिरवायला काय? बऱ्याच ठिकाणी गाडीच्या वायपरची मोटर. ती हळू फिरते, जोर चांगला असतो, भंगारात स्वस्त मिळते आणि १२ व्होल्टवर चालते. म्हणजे लाईट गेली तरी बॅटरीवर ओढता येते.

डिस्नेचा स्विचवाला

डिस्नेची सुरुवातही कॅमपासूनच झाली. १९५१ मध्ये त्याच्या स्टुडिओत नऊ इंची नाचणारा बाहुला बनवायचं काम सुरू झालं. बडी एब्सन या नटाला चौकटी आखलेल्या पडद्यासमोर नाचवलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्या हालचाली पाहून कॅम कापले. रॉजर ब्रॉगी आणि वॅथेल रॉजर्स हे त्यातले तंत्रज्ञ. बाहुला नाचला, पण एवढ्याशा बाहुल्याला मागे केवढं तरी यंत्र लागलं.

खरी अडचण पुढे होती. बाहुल्याची हालचाल आणि आवाज जुळवायचे कसे? आमच्या आरासीत याचं उत्तर म्हणजे मंडळाचा एक दादा. तो पडद्यामागे स्विचबोर्डसमोर बसायचा, कॅसेट ऐकायचा, आणि ‘दगा! दगा!’ आलं की तिसरं बटण दाबायचा. त्याला सगळी कॅसेट पाठ होती. तो चहाला गेला आणि दुसऱ्या कोणाला बसवलं की खान आधी पडायचा आणि ओरडायचा नंतर.

डिस्नेच्या लोकांनी या दादालाच टेपवर बसवलं. चुंबकीय टेपवर एका पट्टीत गाणं आणि संवाद. शेजारच्या पट्टीत प्रेक्षकांना कधीच ऐकू न येणारे सूर. तो सूर आला की एक बारीक धातूची पट्टी थरथरते, विद्युतमंडल जोडलं जातं, हवेची झडप उघडते आणि पोपटाची चोच उघडते. आवाज आणि हालचाल एकाच टेपवर असल्यामुळे दोन्ही चुकायचे तर एकत्रच चुकणार. २३ जून १९६३ रोजी डिस्नेलँडमध्ये ‘एन्चँटेड टिकी रूम’ हा गाणाऱ्या पक्ष्यांचा खेळ याच युक्तीवर सुरू झाला. पुढच्याच वर्षी लिंकन.

माणसाची हालचाल पक्ष्यासारखी उघड-बंद नसते. हात अर्धा वर जातो, थोडा थांबतो, मग पुढे जातो. त्यासाठी वॅथेल रॉजर्सनं स्वतःच्या अंगावर सांगाड्यासारखं एक यंत्र चढवलं. तो हलला की त्या हालचालीचे संकेत नोंदले जात आणि मग बाहुला तशीच हालचाल करी. लिंकनचा चेहरा १८६० साली लिओनार्ड व्होल्कनं खऱ्या लिंकनच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्यावर बेतला होता आणि आवाज होता रॉयल डॅनो या नटाचा. एकाचा चेहरा, दुसऱ्याचा आवाज, आणि हातवारे यंत्राचे.

जत्रा संपल्यावर

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. न्यूयॉर्कची ती जत्रा कायमची नव्हती. १९६४ आणि १९६५ असे दोनच हंगाम ती चालली. मग बहुतेक मंडप पाडून टाकले. म्हणजे लिंकन हाही मुळात जत्रेतला देखावाच. विसर्जन झालं की मोडायचा.

डिस्नेनं तो मोडू दिला नाही. जुलै १९६५ मध्ये, जत्रा चालू असतानाच, त्याची दुसरी आवृत्ती कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये उभी राहिली. त्याच जत्रेतला ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ १९६६ मध्ये तिथे गेला. वीज आल्यावर एका घराचं आयुष्य कसं बदललं हे दाखवणारा ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ १९६७ मध्ये तिथे गेला आणि १९७५ पासून फ्लोरिडात चालू आहे. या खेळात रंगमंच जागेवर असतो आणि प्रेक्षकांची आख्खी गॅलरी त्याच्याभोवती फिरते. लिंकनची यंत्रणाही बदलत गेली. २००९ मध्ये त्याला विजेवर चालणारं नवं डोकं मिळालं.

रोज चालणाऱ्या खेळाला दुरुस्ती लागते. दुरुस्तीला नकाशे लागतात. जुना तंत्रज्ञ निवृत्त झाला की नव्याला शिकवावं लागतं, म्हणून कागद जपावे लागतात. डिस्नेच्या खेळाचा एवढा इतिहास आपल्याला माहीत आहे, याचं एक कारण हे की तो खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू करायचा होता. यामागे तिकिटाचा पैसा होता हेही खरं. पैसे नसते तर तो लिंकनही भंगारात गेला असता.

आमची आरास अकराव्या दिवशी सुटायची. मूर्ती पांझरेत जायची. खानाचं डोकं आणि धड वेगवेगळ्या पोत्यात, मोटरी परत गॅरेजमध्ये, चकत्या कोणाच्या तरी माळ्यावर. पुढच्या वर्षी नवीन विषय, नवीन चकत्या. जुन्याची नोंद ठेवायचं कारणच नव्हतं.

आठवतं काय, विसरतो काय

सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेलाय. १८९२ चे भाऊसाहेब रंगारी, १८९३ पासूनचे टिळक, तेव्हाचे मेळे आणि त्यांच्या गाण्यांवर असलेली ब्रिटिश सरकारची नजर, हे शाळेपासून ऐकत आलोय. मूर्तिकारांची नावंही राहिली. लालबागच्या गणेश गल्लीत १९७७ मध्ये दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटी मूर्ती उभी केली, हे आजही सांगितलं जातं. पुण्यात देखाव्यांचा विषय निघाला की शिल्पकार डी. एस. खटावकर यांचं नाव निघतं.

ही नावं राहिली ते चांगलंच झालं. पण मूर्तीमागे जो वाकून बसला होता, ज्यानं सायकलची चेन तोडून दोन हात एकाच मोटरवर घेतले, ज्यानं लाकडी दंडगोळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकून दिव्यांचा क्रम बसवला, त्याचं काय? तो गावातला वायरमन असतो, वेल्डर असतो, पंप दुरुस्त करणारा असतो. वर्षभर तो मोटारपंपाच्या कॉइली भरतो. श्रावण लागला की मंडळाची पोरं त्याच्या दुकानात जाऊन बसतात. पावतीपुस्तकात त्याचं नाव नसतं, कारण बहुतेक वेळा त्यानं पैसेच घेतलेले नसतात.

हे विसरणं आजचं नाही. पिंपळनेरहून उत्तरेला निघून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळवा लागतो, आणि माळव्यात धार. तिथल्या भोज राजाच्या नावावर अकराव्या शतकातला ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर एक आख्खा अध्याय आहे. तालावर नाचणाऱ्या बाहुल्या, दिव्यात तेल घालणारी बाहुली, दारात उभा राहून अडवणारा लाकडी द्वारपाल, बोलणारे पक्षी, सगळं आहे. मात्र यंत्राची पूर्ण जुळणी दिलेली नाही. ग्रंथकार स्वतःच सांगतो की माहिती नाही म्हणून नव्हे, तर गुपित राहावं म्हणून ती दिलेली नाही. उघड केलं तर त्याचं मोल राहणार नाही, असा त्याचा हिशेब.

आज त्या अध्यायावरून तसा द्वारपाल बनवता येत नाही. एवढंच कळतं की अशी यंत्रं कोणीतरी बनवली होती, किंवा निदान बनवायचं स्वप्न पाहिलं होतं. या दोन्हींतलं नेमकं काय खरं, हे कळायला जी माहिती हवी, तीच लपवली गेली. भोजाच्या ग्रंथात ज्ञान मुद्दाम झाकलं, आपण ते पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. पुढच्या माणसासाठी दोन्हींचा परिणाम एकच.

आता घाई का

आमच्या गावात हलती आरास हळूहळू कमी झाली. आधी सजीव आरास आली. पोरंच महाराज आणि मावळे झाली. ती मलाही आवडते. माणूस मोटरसारखा अडकत नाही, चुकला तर सावरतो. मग मोठा साउंड आला, आता एलईडीची भिंत. भिंतीवर काहीही दाखवता येतं आणि भाड्यानं येते. त्यात गावाच्या वायरमनला काही काम उरत नाही.

जुनं तेच चांगलं असं मी म्हणत नाही. वायपरच्या मोटरीचा अफजलखान परत यावा असंही नाही. पण लहानपणी मंडपाच्या मागच्या बाजूनं, कापड उचलून, मी पहिल्यांदा पाहिलं की एक चकती एकाच्या हाताला हलायला सांगते आणि दुसरी दुसऱ्याच्या मानेला. खेड्यातल्या पोराला कॉम्प्युटर मिळायच्या कितीतरी आधी प्रोग्राम बघायला मिळत होता, तोही फुकट आणि उघड्यावर. इंजिनिअरिंगला कॅमचा धडा आला तेव्हा वर्गात अर्ध्यांना तो पाठ करावा लागला. मला त्या आकृतीत खानाची मान दिसत होती.

ज्यांनी त्या चकत्या कापल्या ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे कागद नाहीत, सगळं हातात आहे. म्हणून यंदा गणपतीत मोबाइल काढाल तेव्हा समोरून एक रील झाली की मंडपाच्या मागे जा. हलती आरास असेल तर मागची बाजू शूट करा. नसेल तर पूर्वी ती कोण करायचं ते विचारा आणि त्या काकांच्या दुकानात जाऊन बसा. मोटर कशाची होती? चकती कशाची कापली, पत्र्याची की प्लायवूडची? कॅसेटशी जुळवायला स्विचवर कोण बसायचं? लाईट गेली की काय करायचे? एवढे चार प्रश्न पुरे आहेत, काका पाचवं स्वतःच सांगतील. मग त्या व्हिडिओला गावाचं नाव, मंडळाचं नाव आणि साल टाका. आणि काकांना चालणार असेल तर त्यांचंही नाव.