सुक्या फुलांचं भरतकाम: दोऱ्याऐवजी गवत, रंगाऐवजी कुर्डू

जाळीच्या कापडावर हवेत तरंगल्यासारखी दिसणारी खरीखुरी फुलं. असा एखादा रील तुमच्याही नजरेखालून गेला असेल. ती फुलं चिकटवलेली नसतात की छापलेलीही नसतात. ती कापडात ओवलेली असतात. या कलेला सुक्या फुलांचं भरतकाम म्हणतात. त्यासाठी महागडी परदेशी फुलं मागवायची गरज नाही. शहापूर तालुक्यात भातसानगरच्या आसपास ऑक्टोबरात शेताच्या बांधावर जे तण उभं असतं, त्यातलं बरंचसं या कामाला चालतं. फक्त कोणतं घ्यायचं आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे माहीत हवं.

ही कला आली कुठून?

आज सोशल मीडियावर दिसणारी शैली 2010 च्या दशकातली आहे. मोल्दोव्हात जन्मलेल्या आणि इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या ओल्गा प्रिंकू यांनी ती लोकप्रिय केली. भरतकामाच्या रिंगमध्ये ट्यूल, म्हणजे बारीक जाळीचं नेट, ताणून बसवायचं आणि त्याच्या छिद्रांतून सुक्या फुलांचे देठ ओवायचे, ही त्यांची पद्धत. त्यावरचं त्यांचं पुस्तक 2021 मध्ये आलं.

सुकी झाडं दोऱ्याने टाचायचं काम मात्र आपल्याकडे खूप आधीपासून होतंय. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 1906 मध्ये सुरू झालेलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. हर्बेरियम म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह. अशा संग्रहांत रोप दाबून सुकवतात, जाड कागदावर मांडतात आणि जाड फांदी असेल तर सुई-दोऱ्याने टाका घालून मागे गाठ मारतात. तिथला हेतू शास्त्राचा असतो, सजावटीचा नाही. पण सुकं रोप वर्षानुवर्षं टिकवायचं कसं, याचे धडे तिथूनच घ्यावेत.

सगळी फुलं का चालत नाहीत?

तेरडा, जास्वंद, मोगरा सुकवून पाहा. दोन दिवसांत ती तपकिरी पडतात आणि आक्रसतात. त्यांच्या पाकळ्यांत पाणी भरपूर असतं. ते गेलं की आकारही जातो.

कुर्डूचं तसं नाही. पावसाळ्यात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते तोच हा कुर्डू. त्याच्या तुऱ्यातल्या पाकळ्या झाडावर असतानाच कागदासारख्या कोरड्या आणि चमकदार असतात. सुकल्यावर त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. गुलाबी छटा हळूहळू उतरते, पण रुपेरी चमक राहते. परसातला कोंबडा त्याचाच भाऊबंद, म्हणून तोही छान सुकतो. थोडक्यात, जे फूल ताजं असतानाच कागदासारखं लागतं, तेच निवडायचं.

भातसा परिसरात काय मिळेल?

- कुर्डू: तुरा पूर्ण उमलल्यावर, बिया गळायला लागण्याआधी काढा. बिया काळ्या, मोहरीहून बारीक असतात. सुकल्यावर तुरा कागदावर झटकून घ्या, नाहीतर फ्रेमच्या तळाशी त्या साचत राहतील.
- भाताची लोंबी, नाचणी आणि वरीची कणसं: सोनेरी आणि तपकिरी रंगासाठी. कापणीनंतर शेतात पडलेली उचलली तरी पुरतात.
- गवताचे तुरे: देठ लांब आणि सरळ असल्याने ओवायला सर्वांत सोपे. नवशिक्यांनी यांच्यापासूनच सुरुवात करावी. कुसळी गवत मात्र टाळा, त्याची टोकं बोटांत आणि कपड्यांत घुसतात.
- खुळखुळा: सुकलेल्या शेंगा हलक्या असतात आणि आकारही वेगळा मिळतो.

करायचं कसं?

1. तोडणी: पाऊस थांबल्यावर, कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर. ओलं फूल घरी आणलं की बुरशीही सोबत येते.
2. सुकवणं: छोट्या जुड्या बांधून, तोंड खाली करून, अंधाऱ्या आणि हवेशीर खोलीत दोन ते तीन आठवडे टांगा. उन्हात सुकवलं तर रंग उडतो. देठ वाकवल्यावर कडकन मोडला, की सुकलं समजा.
3. जाळी ताणणं: ओढणीसाठी मिळतं तसं मऊ, बारीक छिद्रांचं नेट रिंगमध्ये ढोलकीच्या पानासारखं ताणून बसवा. सैल राहिलं तर फुलांच्या वजनाने झोळ पडतो.
4. ओवणं: देठाचं टोक तिरपं कापा. एका छिद्रातून आत, दोन-तीन छिद्रं सोडून बाहेर. धावदोरा घालतो तसंच. आधी गवताची आणि देठांची रेषा, मग मोठी फुलं, शेवटी मोकळ्या जागी बारीक तुरे.
5. पक्कं करणं: मागच्या बाजूने नेटच्याच रंगाच्या दोऱ्याने देठाभोवती एक-दोन टाके घालून गाठ मारा. देठच नसलेलं फूल सुईने टाचा किंवा गोंदाच्या एका थेंबावर बसवा.

देठ सारखे मोडत असतील तर ओवण्याआधी काही वेळ ओलसर फडक्याजवळ ठेवा. थोडे लवचीक होतात. काम संपल्यावर मात्र पुन्हा नीट सुकू द्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात

परदेशी व्हिडिओंमध्ये ही कलाकृती भिंतीवर उघडीच टांगलेली दिसते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तसं केलं तर जुलैत बुरशी धरते. म्हणून काचेची खोलगट फ्रेम वापरा, फुलं काचेला टेकू देऊ नका आणि मागची बाजू घट्ट बंद करा. फ्रेम नसेल तर पावसाळ्याचे महिने सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

दुसरा शत्रू कीड. लोंब्या आणि कणसं म्हणजे शेवटी धान्यच, त्यामुळे भुंगे येतातच. हर्बेरियममध्ये नमुने गोठवून कीड मारतात. तुम्हीही पूर्ण सुकलेली कणसं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर आत ओल धरते.

कुठे हात आखडायचा?

शहापूर तालुक्याचा काही भाग तानसा अभयारण्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय झाडं-झुडपं काढता येत नाहीत. "चार फुलांनी काय होतंय?" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. माहुलीच्या वाटेवरची आमरी (ऑर्किड) किंवा कातळावरचं एखादं अनोळखी फूल दिसलं तर फोटो काढा आणि पुढे व्हा. अशी बरीच फुलं मोजक्याच जागी उगवतात. आपण तोडतो ते फूल म्हणजे पुढच्या वर्षीचं बी असतं.

अभयारण्याबाहेरच्या जंगलातही गौण वनोपजावर तिथल्या वनहक्कधारकांचा आणि ग्रामसभेचा हक्क वनहक्क कायदा, 2006 ने मान्य केला आहे. विक्रीसाठी फ्रेम करणार असाल तर आधी गावाला विचारा आणि गोळा करणाऱ्यांना मोल द्या. कुर्डूचं मात्र उलट आहे. शेतकरी ते तण म्हणून उपटून टाकतो. शेतमालकाला विचारून नेलंत तर बहुधा तो खूशच होईल.

कपड्यावर करता येईल का?

रोजच्या कपड्यावर नाही. धुतलं की संपलं आणि घासलं की चुरा होतो. ही भिंतीवरची कला आहे, आणि तिथेही रंग हळूहळू फिका पडणारच. थेट ऊन लागू दिलं नाही आणि ओल सांभाळली तर फ्रेम काही वर्षं छान राहते. तोवर बांधावर नवं कुर्डू आलेलं असतं.