खाडीपलीकडची ताटे: नवी मुंबईच्या खानावळींचा इतिहास

१/ नवी मुंबईत नव्या उपाहारगृहाचा पत्ता विचारला, तर उत्तरात बहुधा सेक्टर आणि प्लॉटचा क्रमांक येतो. आकड्यांनी आखलेल्या शहराला इतिहास कुठला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र इथे कोण, केव्हा आणि कुठून आले, याची नोंद खानावळींत सापडते. तिचे तीन थर पाहू.

२/ १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौ. किमी क्षेत्रावर शहराची आखणी झाली.

३/ पहिला थर गावठाणाचा. वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ ही मुळात गावांची नावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हा इथल्या आगरी-कोळी समाजाचा आधार. तांदळाची भाकरी, सुके बोंबील, निवट्या, चिंबोऱ्या हे ताट त्याच जमिनीतून आणि पाण्यातून आले.

४/ शहरासाठी ती जमीन संपादित झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. गावठाणातल्या खानावळीत आजही तांदळाची भाकरी मिळते. तो तांदूळ मात्र समोरच्या शेतातला नसतो.

५/ दुसरा थर बाजाराचा. दक्षिण मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आले. १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळांचा बाजारही आला. त्यांच्यामागून माथाडी कामगार आले. त्यांतील अनेकांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात इतरत्र. रात्री ट्रक येतात, पहाटे व्यवहार होतात. म्हणून इथल्या जेवणाच्या वेळा उरलेल्या शहराशी जुळत नाहीत.

६/ कामगारांच्या खानावळीला मुंबईत जुनी परंपरा आहे. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. स्वयंपाकघरातील श्रम हा व्यवसाय आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

७/ तिसरा थर लोकलचा. खाडीपूल १९७३ मध्येच झाला होता. पण १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली आणि नोकरदार कुटुंबांचा ओघ वाढला. पुढे वाशी स्थानकाजवळ आसाम भवन, ओडिशा भवन, केरळ हाउस उभी राहिली. आसाम भवनाच्या उपाहारगृहातील आसामी जेवणासाठी मुंबईचे खवय्ये खाडी ओलांडून येतात.

८/ तेव्हा नवी जागा शोधताना तीन प्रश्न विचारावेत: ही गावठाणात आहे, बाजाराजवळ की स्थानकाजवळ? ती कोणासाठी सुरू झाली? स्वयंपाक करणारे कुठून आले?

९/ स्थानकाजवळच्या पाट्या सहज दिसतात. गावठाणाच्या गल्लीत मुद्दाम वळावे लागते. शहराचा सर्वांत जुना थर तिथेच आहे. खाडीचे मासे आणि ते रांधणारे हात, दोन्ही आहेत तोवर तो ताटात वाचता येतो.