बोटीच्या पोटातील मांडणी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. पाककृती आणि प्रवासवर्णने आपल्या भगिनी दरवर्षी उत्तम लिहितात. म्हणून मी एका बोटीची हकीकत सांगावयाचे ठरविले. पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, मग बोट कुठली, असे तुम्ही म्हणाल. ही बोट आमच्या घरीच बांधली गेली.

माझा बारा वर्षांचा नातू ‘माइनक्राफ्ट’ नावाचा संगणकावरील खेळ खेळतो. आपण लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले करीत असू, तसाच हा प्रकार; मातीऐवजी पडद्यावर चौकोनी ठोकळे रचावयाचे, इतकेच. त्याला नाद बुडालेल्या बोटी बांधण्याचा. ‘आजी, आपल्याकडची एखादी मालवाहू बोट सांग ना,’ असे त्याने विचारले, तेव्हा मी ‘फोर्ट स्टिकिन’चे नाव घेतले.

ही बोट १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधली गेली. लांबी सुमारे ४२५ फूट, रुंदी ५७ फूट. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, या हिशेबाने पडद्यावर ती १३० ठोकळे लांब आणि १७ ठोकळे रुंद झाली. आत माल भरावयाची पाच कोठारे. बाहेरचे अंग चार दिवसांत उभे राहिले. अडले ते पोटापाशी. ‘दोन नंबरच्या कोठारात काय भरू?’ नातवाने विचारले.

मी सांगितले, तळाला कापसाच्या गासड्या, त्यांच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा आणि तेथेच एका पोलादी पेटीत सोन्याच्या विटा. त्याचा हात थांबला. ‘कापसाच्या वर दारूगोळा? असं कोण ठेवतं?’

भगिनींनो, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीने विचारला असता. रॉकेलचा डबा चुलीशेजारी ठेवू नये, हे आपल्या आयांनी कोणत्या पुस्तकात वाचले होते? परंतु ते दिवस महायुद्धाचे होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून ही बोट सुमारे १,४०० टन स्फोटक माल आणि काही विमाने घेऊन निघाली. वाटेत कराचीला काही माल उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत हजारो गासड्या कापूस व तेलाची पिंपे भरण्यात आली. १२ एप्रिलला ती मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. दोन दिवस उलटले तरी दारूगोळ्याचा मोठा भाग बोटीतच होता.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठारातून धूर दिसला. बंबवाले धावले. नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले; पण धुरामुळे आगीचे मूळ सापडेना आणि पाणी उकळू लागले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होऊन बोटीचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. आजूबाजूच्या बोटी, धान्याची गोदामे, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. सरकारने मे महिन्यापर्यंत ही बातमी वृत्तपत्रांत येऊ दिली नाही.

आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मरण पावले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीने पिंपरी गजबजलेली असते; आणि त्याच दिवसापासून भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून अग्निसुरक्षा सप्ताह सुरू होतो. आपल्या घरची मुले, सुना, लेकी त्या कारखान्यांत जातात. छातीवर फीत लावून येतात. फीत कशाची, हे आपण क्वचितच विचारतो.

ती आग कोणाच्या विडी-सिगारेटीने लागली असावी, असे म्हटले जाते. ठिणगी कोठेही पडते. मात्र ठिणगीखाली कापूस आणि कापसावर दारूगोळा ही मांडणी माणसांनी केलेली होती. दैवाला बोल लावण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे.

नातवाने बोट पुरी केली, तेव्हा दोन नंबरच्या कोठारात जे जसे होते, ते तसेच ठेवले. मी म्हटले, ‘आता बदलून ठेव की.’ तो म्हणाला, ‘मग ती तीच बोट राहणार नाही, आजी.’ त्याचे बरोबरच होते. धक्क्यावर त्याने ६६ दिवे लावले. हमालांचे किती लावू, असे विचारले, तेव्हा मला आकडा सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या खोलीत गेले. हळदीकुंकवाच्या चहाचा सिलिंडर, त्याला टेकून मांडवाच्या कापडाचे गठ्ठे, वर थर्माकोलची मखरे. कितीतरी वर्षे आपण सगळ्याच त्याच खोलीतून सतरंज्या काढतो आहोत. दोघी-तिघींना हाक मारली आणि तासाभरात सिलिंडर बाहेर, मोकळ्या हवेत नेला. कार्यक्रमाला याल तेव्हा तो जुन्या जागी शोधू नका.