पुण्याच्या आकाशातील जोडतारे : कॅप्टन विल्यम जेकब यांच्या वेधकार्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील खगोलाभ्यासाचा इतिहास सांगताना पंचांगशोधन व ग्रहगणित यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे दुर्बिणीतून घेतलेल्या तारकावेधांना मिळत नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाली, हे अभ्यासकांना परिचित आहे. मात्र त्यापूर्वीच्या दोन दशकांत पुण्यातून शेकडो जोडताऱ्यांची मापने घेतली गेली, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. हे काम करणारे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब (१८१३–१८६२) ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स पथकातील अधिकारी होते. त्यांच्या कार्याचे, तसेच त्यातील एका चुकीचे, मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडताऱ्यांचा प्रश्न

नुसत्या डोळ्यांना एक भासणारा तारा दुर्बिणीतून दोन वा अधिक ताऱ्यांचा समूह असल्याचे दिसते, हे सतराव्या शतकातच लक्षात आले होते. नरतुरंग तारकासमूहातील मित्र अर्थात अल्फा सेंटॉरी या ताऱ्याचे द्वैत फादर रिशो या जेझुइट धर्मगुरूंनी १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथून टिपले. परंतु असे तारे केवळ एका दृष्टिरेषेत आल्यामुळे जवळ दिसतात की खरोखर परस्परांशी बांधलेले असतात, हा प्रश्न पुढे शतकाहून अधिक काळ अनिर्णीत राहिला. विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये काही जोड्या परस्परांभोवती फिरत असल्याचे दाखवून दिले आणि ताऱ्यांमधील स्थितिकोन व अंतर यांच्या चिकाटीच्या मोजणीला शास्त्रीय मोल आले. ही मोजणी एका रात्रीची नव्हे. तिचे फलित अनेकदा मोजणाऱ्याच्या आयुष्यानंतरच हाती येते.

पुण्यातील वेधशाळा

जेकब १८३१ मध्ये हिंदुस्थानात आले व काही वर्षे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राबले. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. साधन होते डॉलंड यांनी घडविलेली, विषुववृत्तीय बैठकीवरील पाच फुटी दुर्बीण. युरोपातील मोठ्या वेधशाळांच्या तुलनेत ती सामान्यच म्हणावी लागेल. तरीही या दुर्बिणीतून मोजलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची त्यांनी १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली.

साधन लहान असूनही हे कसे शक्य झाले, याचे उत्तर बरेचसे पुण्याच्या अक्षांशात आहे. ‘न्यू स्कॉर्पिआय’ हा वृश्चिकेतील तारा, अर्थात अनुराधा नक्षत्रातील बीटा ताऱ्याचा शेजारी, याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. लंडनहून पाहता हा तारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो. तेथे त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येत असल्याने प्रतिमा थरथरते. पुण्याहून तोच तारा सुमारे ५२ अंशांवर चढतो. अल्फा सेंटॉरी तर इंग्लंडमधून उगवतच नाही, आणि पुण्यातून मात्र दक्षिण क्षितिजालगत दिसतो. अर्थात पुण्याच्या आकाशाचीही एक अडचण होतीच. न्यू स्कॉर्पिआय मध्यरात्री मध्यमंडळावर येतो तो मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे मृग लागण्याच्या तोंडावर. त्यामुळे हंगाम हाती असतानाच ढग दाटून येत.

हा तारा दुहेरी आहे, हे पूर्वीपासून ज्ञात होते. त्याच्या दोन घटकांत सुमारे ४१ विकलांचे अंतर आहे. जेकब यांनी १८४७ मध्ये त्यातील मंद घटक पुन्हा दोन ताऱ्यांचा असल्याचे पाहिले. अमेरिकेत सिनसिनाटी येथे मिचेल यांनीही याच सुमारास हेच द्वैत टिपले होते. तेव्हा अग्रक्रमाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. १८७० च्या दशकात बर्नहॅम यांनी तेजस्वी घटकही दुभंगून दाखविला. पुढे वर्णपटांच्या अभ्यासातून आणखी सहचर उघड झाले. आज ही सुमारे ४७० प्रकाशवर्षे दूर असलेली, बहुधा सात ताऱ्यांची संहती मानली जाते.

मद्रास येथील चूक

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब यांची मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नियुक्ती झाली. तेथेही त्यांनी जोडताऱ्यांची मोजणी चालू ठेवली. भुजंगधारी समूहातील ‘७० ऑफियुची’ या जोडीच्या कक्षेत त्यांना काही विसंगती आढळल्या. या विसंगतींमागे एखादा अदृश्य ग्रह असावा, असे अनुमान त्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. हे अनुमान टिकले नाही. १८९० च्या दशकात सी यांनी तशाच स्वरूपाचा दावा पुढे केला, तेव्हा मोल्टन यांनी १८९९ मध्ये अशी रचना स्थिर राहूच शकत नाही, असे गणिताने दाखविले. मोजणीतील बारीक त्रुटींनाच जेकब यांनी अतिरिक्त अर्थ दिला, असे म्हणणे भाग आहे. तथापि त्यांची विचारपद्धती मुळात चुकीची नव्हती. व्याधाच्या गतीतील डळमळीवरून बेसेल यांनी १८४४ मध्ये त्याच्या अदृश्य सहचराचे अनुमान केले होते आणि १८६२ मध्ये क्लार्क यांना तो प्रत्यक्ष दिसला. तीच युक्ती एकाच्या बाबतीत फळास आली, दुसऱ्याच्या बाबतीत नाही. फरक मोजणीच्या अचूकतेचा होता. जेकब यांची चूक ग्रहशोधाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते आणि पुण्याची सूची मात्र मागे पडते, हे न्याय्य वाटत नाही.

अपुरी राहिलेली योजना

प्रकृती खालावल्यामुळे जेकब यांना मद्रास सोडावे लागले. तरीही पुण्याच्या परिसरात सुमारे ५००० फूट उंचीवर डोंगरी वेधशाळा उभारण्याची योजना त्यांनी मांडली. विरळ व स्थिर हवेचा लाभ घेण्याचा हा विचार त्या काळात नवाच होता. ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण जेकब यांनी स्वतः विकत घेतली होती व तीन वर्षे तेथे काम करण्याचे त्यांनी मान्य केले होते. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबई बंदरात उतरले आणि १६ ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. डोंगरावरील वेधशाळा झाली नाही. पुण्याला संस्थात्मक वेधशाळा लाभली ती १८८८ मध्ये, कावसजी नायगमवाला यांच्या पुढाकाराने कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेच्या रूपाने. तेथील भर मुख्यतः वर्णपटांच्या अभ्यासावर होता. १९१२ मध्ये तीही बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली.