कुस्कोच्या कोंबड्या

इंका गार्सिलासो दे ला व्हेगा १५६० साली पेरूतले कुस्को सोडून स्पेनला निघाला, तेव्हा त्या शहरात कोंबड्या होत्या, अंडीही होती. पिल्ले मात्र निघत नव्हती. १६०९ मध्ये लिस्बनला छापलेल्या ‘कोमेंतारिओस रेआलेस’ या ग्रंथात त्याने हे नोंदवून ठेवले आहे. लागेल ती निगा राखूनही कोंबड्या पिल्ले काढेनात, आणि जवळच्याच युकायच्या खोऱ्यात मात्र ती निघत. कोंबड्या स्पॅनिशांच्या आधी पेरूत नव्हत्याच, हे पटवताना तो हे सांगतो. कारण देतो थंडीचे.

हे कारण मला पटत नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की बाहेर कितीही गारठा असो, पोटाखालची ऊब फारशी बदलत नाही. खरा फरक उंचीचा. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, तर युकाय पाचशेहून अधिक मीटर खाली. पण वायुभारमापक निघाला १६४३ नंतर आणि प्राणवायूचा शोध त्याहून सव्वाशे वर्षांनी. गार्सिलासोपाशी थंडीशिवाय दुसरा शब्दच नव्हता.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. एकवीस दिवसांत साठ ग्रॅमचे अंडे त्यांतून सुमारे सहा लिटर प्राणवायू आत घेते आणि अकरा लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते. कुस्कोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. म्हणजे प्राणवायू तेवढाच विरळ. शिवाय विरळ हवेत वायू भराभर पसरतात, त्यामुळे अंडे वाजवीपेक्षा जास्त सुकते. गर्भ एकाच वेळी गुदमरतो आणि कोरडा पडतो.

कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवरच्या संशोधन केंद्रात, ३,८०० मीटरवर, विसाव्या शतकात कोंबड्या मुद्दाम पाळल्या गेल्या. तिथल्या अंड्यांचा अभ्यास करून हर्मन रान आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले, की उंचीवरच्या कवचातील छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ घटलेले असते. आपल्याला वाटेल, प्राणवायू कमी तर छिद्रे वाढायला हवीत. घडते उलटे, आधी पाणी राखले जाते.

हाउहाचे प्रकरण जरा वेगळे. पेरूची ही पहिली स्पॅनिश राजधानी साधारण कुस्कोइतक्याच उंचीवर. १५३४ च्या अखेरीस तिथल्या नगरसभेने तक्रार नोंदवली, की इथे डुकरे, घोड्या, कोंबड्या यांची वीण होत नाही. जानेवारी १५३५ मध्ये किनाऱ्याजवळ लिमा वसले. उंचीच्या शरीरशास्त्राचे पेरूतले आद्य अभ्यासक कार्लोस मोन्हे यांनी या नोंदीला फार महत्त्व दिले. माझ्या मते राजधानी हलली ती मुख्यतः बंदरासाठी. पण सोयीची तक्रार खोटीच असते असे नाही.

कुस्कोत पिल्ले मुळीच निघत नव्हती, हेही शब्दशः घेऊ नये. एकही न निघते, तर उंचीला टिकणारी वीण तयार तरी कशातून झाली असती? अधूनमधून एखादे निघत असावे, खोऱ्यांतून नव्या कोंबड्याही वर येत असाव्यात. कारण गार्सिलासो स्पेनमध्ये स्थायिक झाल्यावर काही वर्षांनी त्याला गार्सी सांचेस दे फिगेरोआ या गृहस्थाचे पत्र आले. कुस्कोत आता कोंबड्या भरपूर पिल्ले काढू लागल्या होत्या.